पाहुण्यांपुरती पिसं

भावजींचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कुणाच्या तरी वेबसाइटशी भांडत बसले होते. ते हळू आवाजात म्हणाले, तुझी ताई उशा उसवतेय. मी म्हटलं, उसवू दे, तिचाच धंदा आहे. त्यावर म्हणाले, विकायच्या उशा उसवतेय गं, सगळ्या. मग मात्र मी लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि निघाले.

माझी ताई कापसाच्या उशा शिवते आणि ऑनलाइन विकते. आधी ती एका ऑफिसात रिसेप्शनला होती. दिवसभर लोकांना ‘जरा बसा’ म्हणता म्हणता तिचा जीव विटला होता. नोकरी सोडून उशा करायला लागली आणि माणसात आली. भावजी चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, आणि घरी आले की तिच्या वेबसाइटचं बघतात. बिघडलेल्या वेबसाइट दुरुस्त करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, पण मला विचारतंय कोण? मेहुणीला बोलावलं की ती घर डोक्यावर घेते, असं भावजींचं मत आहे. घेते मी, खोटं कशाला बोलू.

दार ढकललं तर आत दुपार कापसात बुडून गेलेली. पडदे ओढलेले होते, त्यांतून पिवळट उजेड झिरपत होता आणि त्या उजेडात कापसाचे तंतू तरंगत होते. खाली यायची कुणालाच घाई नव्हती. ताई मधोमध बसून उशीची शिवण उसवत होती. कापूस बाहेर काढायची, बोटांनी मोकळा करायची, थोडा कमी करून परत भरायची, दाबून बघायची आणि मान हलवून पुन्हा काढायची. तिच्या केसांत, भुवयांवर, सगळीकडे कापूस बसला होता. मला बघून ती हसली, पण ते हसू तिचं नव्हतं.

मग कळलं ते असं. कित्येक आठवड्यांत एकही ऑर्डर आली नव्हती. कमी झाल्या असत्या तर तिनं मनाला समजावलं असतं, पण एका दिवसात नळ बंद व्हावा तशा थांबल्या. आधी तिला वाटलं उशा कडक होतायत, म्हणून तिनं कापूस कमी केला. मग त्या चेपलेल्या वाटल्या, म्हणून वाढवला. असं करता करता घरातली एकेक उशी उसवून झाली. संध्याकाळी समोरच्या इमारतीतल्या शिंपीणबाई ताईचं शिवणाचं मशीन विकत न्यायला येणार होत्या, आणि जुन्या ऑफिसात ताईनं शब्द टाकून ठेवला होता.

“माझा हात गेला गं,” ती म्हणाली.

दूध संपलंय, इतक्या साधेपणानं म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि राग नेमका कुणाचा आला तेही कळेना.

मी भावजींना धरलं. वेबसाइट कधी तपासली? रोज तपासतो, ते म्हणाले, अगदी डोळ्यांत तेल घालून. त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर दुकान उघडून दाखवलं. उशीचा फोटो, खाली ‘टोपलीत टाका’ हे बटण. दाबलं, उशी टोपलीत गेली. पैसे भरायचं पानही शहाण्यासारखं उघडलं. दुकान ठणठणीत आहे, म्हणून तर तिला वाटतं ना दोष उशांचा, असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

मग मी प्लगिनची यादी उघडली आणि कपाळाला हात लावला. प्लगिन म्हणजे वेबसाइटला बाहेरून आणून जोडायचे तयार तुकडे, एकेका कामाचा एकेक. विक्री जरा मंदावली की भावजी एक नवा तुकडा चिकटवायचे. एक सवलतीचं चक्र फिरवायचा, एक येणाऱ्याला शुभ सकाळ म्हणायचा, एक ‘आत्ताच कुणीतरी उशी घेतली’ अशी थाप मारायचा. एवढे कशाला, विचारलं तर म्हणे फुकट होते. शिवाय सगळ्यांचे अपडेट आपोआप होतील असं लावून ठेवलेलं. म्हणजे कोण कधी बदललं याचा घरात कुणालाच पत्ता नाही.

अशा वेळी एकच उपाय असतो, कंटाळवाणा पण खात्रीचा. आधी सगळ्या साइटची एक प्रत काढून ठेवायची. मग दुकानाचं मुख्य प्लगिन सोडून बाकीचे सगळे बंद करायचे आणि एकेक चालू करत जायचं. ज्याच्यापाशी दुकान अडेल तो चोर. भावजी नाव वाचायचे, मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर ते चालू करायची, एक उशी विकत घ्यायची आणि ऑर्डर रद्द करायची. मागून ताईच्या कात्रीचा बारीक आवाज येत होता. माझ्या पापण्या जड झाल्या. नाव, उशी, रद्द, नाव, उशी, रद्द. आपण कधीपासून हेच करतोय आणि बाहेरचं जग कधीच झोपून गेलंय, असं वाटायला लागलं.

यादी संपली. दुकान कुठेच अडलं नाही.

माझ्या मनात पाल चुकचुकली. दुकान खरंच धड असेल तर? खरंच ताईच्या उशा बिघडल्या असतील तर? हा विचार मला मुळीच आवडला नाही. मी उठले, कापसाच्या ढिगावर आडवी झाले आणि नुसता चाळा म्हणून स्वतःच्या फोनवर तिचं दुकान उघडलं, कुणीही परकं माणूस उघडेल तसं.

आणि पिसं पडायला लागली.

पांढरी, मऊ, लहान-मोठी. फोनच्या वरच्या कडेतून निघायची, उशांच्या फोटोंवरून डुलत डुलत खाली जायची आणि विरघळायची. एकीकडे खोलीत कापूस तरंगतोय, हातातल्या काचेत पिसं. कुठलं आतलं, कुठलं बाहेरचं, मला काही वेळ समजेना. इतकं छान वाटत होतं की मी बघतच राहिले. मग ‘टोपलीत टाका’वर बोट ठेवलं. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं. एक पीस बाजूला सरकलं, बाकी काही नाही.

मी ताडकन उठून बसले. “भावजी, ही पिसं कसली?”

भावजी खुलले. छान दिसतात ना, म्हणाले, पण ती फक्त पाहुण्यांना दिसतात. काम करताना सारखी डोळ्यांपुढे येतात म्हणून आपल्या लॉगिनपुरती बंद ठेवलीत. मी म्हटलं, उशा कापसाच्या आणि पिसं कशाला उडवता? कापूस पडायचं प्लगिन मिळालं नाही, असं उत्तर आलं.

मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. ही पिसं एका स्वच्छ काचेवर पडतात. ती काच पानाच्या मागे असायची. कुठल्याशा अपडेटमध्ये ती पुढे आली. आता बाहेरचा माणूस बटण दाबतो तेव्हा त्याचं बोट काचेवर पडतं, बटणापर्यंत पोचतच नाही. आणि तुमच्या कॉम्प्युटरवर काच दिसतच नाही, कारण ती तुम्ही आपल्यापुरती काढून ठेवलीय. काचेचा माणूस तो, लगेच समजला. त्यांचा चेहरा इतका पडला की माझं पुढचं भांडण तोंडातच राहिलं.

ताईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. माझं मन राखायला काहीतरी सांगू नकोस, म्हणाली. मी फोन तिच्या हातात दिला. ती बटण दाबत राहिली, पिसं पडत राहिली. मग मी पिसांचं प्लगिन काढूनच टाकलं. पान स्वच्छ झालं. तिनं भीत भीत बोट टेकवलं, आणि तिची उशी तिच्याच टोपलीत जाऊन पडली.

“म्हणजे लोक येत होते?” तिनं विचारलं.

येत होते, मी म्हटलं, दार वाजवून परत जात होते. भावजी कोपऱ्यात उभे राहून माफी मागायला लागले. तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती खोलीभर पसरलेल्या रिकाम्या खोळींकडे बघत होती. मला वाटलं होतं, आता तिचा जीव भांड्यात पडेल. कसचं काय, ती आणखीच खचली. तिनं कधी वजन करून कापूस भरला नव्हता, सगळं हाताच्या अंदाजानं. आणि तो अंदाज तिनं इतक्यांदा मोडला होता की आता काही आठवत नव्हतं. जशी पूर्वी करायची तशी एकही उशी घरात उरली नव्हती.

शिंपीणबाई आल्या. भावजींनी त्यांना पाणी दिलं. ताई म्हणाली, घेऊन जा मशीन, दुकान सुधारलं म्हणून मी थोडीच सुधारले.

मी शिंपीणबाईंना हात जोडून जरा बसायला सांगितलं आणि धावत सुटले. माझं घर पलीकडच्याच गल्लीत आहे. माझ्या पलंगावर ताईनं केलेली उशी होती, दुकान सुरू केलं त्या वर्षीची. ती काखोटीला मारून मी परत आले, रस्त्यातली माणसं बघेनात का. ती ताईच्या मांडीवर ठेवली.

ताईनं अभ्रा काढला. खोळीवर चहाचा डाग होता, त्याला नाक मुरडलं. मग तळहात मधोमध ठेवून दाबला आणि सोडला. उशी सावकाश वर आली. तिनं पुन्हा दाबलं, या वेळी डोळे मिटून. मग उशी जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर डोकं टेकलं. मला वाटलं ती झोपली.

“किती छान आहे गं,” ती म्हणाली.

“तूच केलीस ना,” मी म्हटलं.

ताई पडल्या पडल्याच रडली, बराच वेळ, लाज न धरता. रडता रडता तिचा हात शेजारच्या ढिगाकडे गेला. तिनं कापूस उचलला, दाबला, त्यातला थोडा परत टाकला, पुन्हा दाबला. शिंपीणबाईंनी पेला खाली ठेवला, चपला घातल्या आणि मशीनचा विषयही न काढता निघून गेल्या.

“एवढा,” ताई म्हणाली. “एवढाच भरत होते मी.”