वीज जातानाच्या ओळी

१९७८च्या मे महिन्यात कंपनीनं ज्योतिबाला पुण्याहून सांगलीला पाठवलं, ते कागद वाचायला.

नदीच्या पाण्याचं गणित करण्यासाठी सांगलीत एक संगणक बसवला होता. सातारा भागात पाऊस किती झाला, नदी कुठं किती चढली, हे आकडे वायरलेसवरून सांगलीला यायचे. त्यावरून ते पाणी खाली केव्हा आणि किती पोचेल, हे यंत्रानं सांगायचं. पावसाळ्याआधी यंत्र ताब्यात द्यायचं होतं. पण त्याआधी यंत्राचा सगळा कारभार पाहणारा जो मूळ प्रोग्राम होता, त्याचा एक भाग तिऱ्हाइतानं ओळ न् ओळ वाचून तपासावा, असं साहेबांचं म्हणणं पडलं. यंत्रच बिघडलं तर यंत्रानं काय करायचं, हे सांगणारा तो भाग.

"नाथाजींनी लिहिलंय," साहेब म्हणाले. "ते मिरजेला डोळ्याच्या दवाखान्यात आहेत. अडलं तर विचार त्यांना. पण माणूस आजारी आहे, बेतानं."

ज्योतिबा जतकडचा. घरी मेंढरं आणि पावसावरची ज्वारी. कोल्हापुरात गणित शिकून तो कंपनीत लागला होता. त्यानं हिशेबाचे प्रोग्राम लिहिले होते, पण यंत्राच्या गाभ्यात कधी डोकावला नव्हता. चुकतात ती माणसं, यंत्र चुकत नाही, असं तो धरून चालला होता.

सांगलीच्या केंद्रावर भाऊसो नावाचा ऑपरेटर होता. आधी माधवनगरच्या गिरणीत वायरमन होता, आता यंत्राची देखभाल करायचा. त्यानं खिडकीजवळचं टेबल मोकळं करून दिलं आणि ज्योतिबानं घडीच्या कागदाचा गठ्ठा उघडला.

ओळी यंत्राच्या भाषेतल्या होत्या, पण प्रत्येक ओळीपुढं नाथाजींनी शेरा लिहिला होता. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. 'इथे थांब.' 'आधी बघ, मग उचल.' ज्योतिबाला पहिल्यांदा हसू आलं. दुपारपर्यंत ते गेलं.

यंत्राची आठवण म्हणजे तारांत ओवलेल्या, मोहरीएवढ्या चुंबकी कड्या. एकेक कडी हो किंवा नाही एवढंच लक्षात ठेवते. प्रत्येक आकड्यामागं एक कडी जास्तीची असते. आकड्यात 'हो' किती, सम की विषम, एवढंच ती सांभाळते. आकडा वाचताना मेळ बसला नाही, तर मधेच काहीतरी बदललंय हे यंत्राला कळतं. हे ज्योतिबाला पुस्तकातून माहीत होतं. कळल्यावर यंत्रानं काय करावं, हा विचार त्याच्या मनात कधी आला नव्हता.

नाथाजींनी तो केला होता. आधी तीच जागा पुन्हा वाच. कदाचित नुसता भास असेल. तरी चूकच असेल तर ती जागा कुणाची ते बघ. एखाद्या साध्या प्रोग्रामची असेल तर तेवढाच बंद कर, ऑपरेटरला कळव, ती जागा पुन्हा कुणाला देऊ नकोस. बाकीच्यांना पत्ता लागू देऊ नकोस. आणि चूक खुद्द गाभ्याच्याच, म्हणजे या मूळ प्रोग्रामच्याच जागेत निघाली तर? तिथं एकच ओळ होती, यंत्र थांबवणारी. तिच्यापुढं लिहिलं होतं : 'आता आपल्यावर आपणच विश्वास ठेवू नये.'

ज्योतिबा त्या ओळीवर बराच वेळ अडून राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं वीज जाण्याचा भाग घेतला. वीज गेली तरी यंत्राच्या आत ती क्षणात संपत नाही. दाब उतरायला लागला की यंत्राला खबर मिळते आणि पापणी लवायला लागतो त्याच्याही कितीतरी लहान तुकड्याएवढा वेळ हातात उरतो. तेवढ्यात नाथाजींच्या ओळी चालतात. यंत्र त्या क्षणी ज्या आकड्यांवर काम करत असेल ते आठ खणांत असतात, आणि वीज गेली की खण रिकामे होतात. म्हणून खणातलं सगळं उचलून कड्यांमध्ये ठेवायचं, कारण कड्या विजेशिवायही विसरत नाहीत. मग 'सगळं ठेवलंय' अशी खूण करायची आणि थांबायचं. वीज आली की खूण बघायची, पुसायची, आठही खण भरायचे आणि जिथं सोडलं तिथून पुढं निघायचं.

तो उठून यंत्राच्या कपाटासमोर जाऊन उभा राहिला. कालपर्यंत ते त्याला नुसतं कपाट वाटत होतं.

"काय झालं?" भाऊसोनं विचारलं.

"काय नाही. लाईट गेल्यावर याला काय करायचं ते शिकवलंय. तेवढ्याशा वेळात. कोण बसून विचार करतं असला?"

"हितं लाईट लय जाती," भाऊसो म्हणाला. "वारं सुटलं की तर इचारू नका. येती, जाती, परत येती."

वीज परत आल्यानंतरच्या ओळींत ज्योतिबा मात्र अडला. तिथं यंत्र एका मोठ्या आकड्यापासून उलटं मोजत शून्यापर्यंत जायचं आणि त्या मोजण्याचा पुढं काहीच उपयोग नव्हता. त्यानं त्या ओळींवर लाल पेन्सिलीनं काट मारली. पण इतका विचार करणारा माणूस उगाच काही लिहील, हे त्याला पटेना. सकाळी कागद पिशवीत घालून त्यानं मिरजेची गाडी धरली.

नाथाजी खाटेवर उताणे पडले होते. डोळ्यांच्या आतला पडदा सुटल्यामुळं ऑपरेशन झालं होतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, आणि मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. उशाशी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, रंगूबाईंनी, वाटीतली पेज चमच्यानं भरवणं थांबवून ज्योतिबाकडं पाहिलं.

"कंपनीतनं आलोय, साहेब. ज्योतिबा. तुमचं लिहिलेलं वाचतोय."

"साहेब नगं," नाथाजी म्हणाले. ते कोरेगावकडचे, आधी फौजेत सिग्नलला होते. "कुठवर आलास?"

"वीज गेल्यावर आठ खण ठेवायचे, तिथवर."

"मग लय पुढं आलास की. वाच बघू. मोठ्यानं वाच."

"आवं, डॉक्टरांनी बोलू नगा म्हटलंय," रंगूबाई म्हणाल्या.

"बोलतोय कुठं? ऐकतोय."

ज्योतिबा वाचू लागला. चारपाच ओळी झाल्या आणि त्याच्या लक्षात आलं की नाथाजींचे ओठ त्याच्याबरोबर हलताहेत. मग ते त्याच्या पुढं जायला लागले. त्यानं पान उलटायच्या आत पुढच्या पानावरची पहिली ओळ ते म्हणायचे, कुठली कडी, कुठला खण, सगळं. चार वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं ते. ज्योतिबानं वाचणं थांबवलं आणि फक्त कागदावर बोट ठेवून ऐकत राहिला. एक अक्षरही चुकलं नाही.

उलटं मोजण्याच्या ओळी आल्या तेव्हा तो म्हणाला, "हे कशाला ते कळलं नाही. मी काट मारली होती."

"पूस ती," नाथाजी शांतपणे म्हणाले. "लाईट आली म्हंजे लगीच कामाला लागायचं न्हाई. दाब वरखाली व्हत असतो. जरा ठरू द्यायचा. यंत्राला नुसतं उभं ऱ्हायला येत न्हाई, म्हणून मोजायला लावलंय."

ज्योतिबानं काट खोडली. पण भाऊसोचं बोलणं त्याच्या डोक्यातून जाईना. त्याच्या गावात तीन वर्षांपूर्वी विजेचे खांब आले होते. दिवा लागला म्हणून आई भाकरी थापायला बसायची आणि तो जायचा, परत यायचा, परत जायचा.

"आणि ठरल्यासारखी वाटून परत गेली तर?" त्यानं विचारलं. "म्हणजे मोजून झालंय, खूण पुसलीय, खण भरायला घेतलेत, आणि मधेच गेली?"

नाथाजींनी दोन्ही हात पांघरुणाबाहेर काढले. अंगठे मिटले, आठ बोटं उभी केली, मग सगळी मुडपली. मग एकेक उघडायला लागले, एक, दोन, तीन. तिथं थांबले.

"हितं गेली," ते म्हणाले. "तीन भरलेत. पाच रिकामे. खबर आली. आता मी आठी खण उचलून ठेवतोय. कुठं ठेवतोय?"

"त्याच जागी. आधीच्यावर."

"चांगल्यावर रिकामं लिवतोय."

बोटं तशीच हवेत राहिली. आपण आजारी माणसाला दुखावलं, असं ज्योतिबाला वाटलं. रंगूबाईही घाबरून वाकून बघायला लागल्या. पण पट्टीखालचं तोंड हसण्यानं हळूहळू रुंदावत गेलं.

"गड्या," नाथाजी म्हणाले, "चार वर्षं भोक हाय हितं. मी पुण्यात बसून लिवलं. तिथं लाईट एकदा जाती आन् एकदा येती. तुजं गाव कुठलं?"

"जतकडं."

"तरीच."

मग त्यांनी लिहून घ्यायला सांगितलं. खूण आधी पुसायची नाही. शेवटचं बोट भरलं की मग पुसायची. आणि वीज जाताना पहिल्यांदा खूण बघायची. ती असली, तर ठेवलेल्याला हात लावायचा नाही, नुसतं थांबायचं. वाढलेल्या ओळींनी पुढच्या कुठल्या ओळी सरकतील, त्यांच्या जागांचे कुठले पत्ते बदलतील, तेही ते सांगत गेले, आणि ज्योतिबा कागदावर ताडून बघत गेला. प्रत्येक पत्ता बरोबर होता. डोळे बांधून उताणा पडलेला माणूस ते सगळं यंत्र कपाळाच्या आत उभं करून त्यात हात घालून दुरुस्ती करत होता.

"आता मोड," नाथाजी म्हणाले. "मोडून दाव मला."

"खूण पुसली आणि त्याच क्षणी गेली तर?"

"आठी बोटं भरलेली हायत. खुशाल ठेव आन् खूण कर."

"उलटं मोजतानाच गेली तर?"

"खूण हाय. हात लावायचा न्हाई."

ज्योतिबानं आणखी चार ठिकाणी वीज घालवून पाहिली. कुठंच मोडेना. शेवटी नर्स आली आणि तिनं त्याला बाहेर काढलं.

सांगलीला परतल्यावर त्यानं नव्या ओळी घातल्या. भाऊसोनं मेन स्विचवर हात ठेवला आणि दोघांनी दिवसभर यंत्राला बंद-चालू, बंद-चालू करून छळलं. आधी जुन्या ओळी ठेवून पाहिलं, तेव्हा ते दुसऱ्याच फेरीत भरकटलं होतं. आता ते प्रत्येक वेळी उभं राहिलं. तरीही ज्योतिबाचं समाधान होईना. स्विच हा माणसाचा हात, तो सरळ पडतो आणि सरळ उठतो.

जूनमध्ये नाथाजी केंद्रावर आले. काळा चष्मा, रंगूबाईंनी दंड धरलेला. उजवा डोळा वाचला होता, डाव्यानं उजेड-अंधार एवढंच कळायचं. यंत्र ताब्यात दिलेलं होतं आणि पाण्याचं पहिलं खरं गणित चालू होतं. छपाईचं यंत्र एकेक अक्षर टकटक उमटवत होतं. बाहेर वारं सुटलं होतं आणि आवारातली बाभळ वाकत होती.

नाथाजी खुर्चीवर बसले आणि डोळे मिटून तो आवाज ऐकत राहिले.

मग वीज गेली.

पंखा गरगरत थांबला. टकटक थांबली. कपाटावरचे दिवे विझले. खोलीत फक्त वाऱ्याचा आवाज राहिला. भाऊसो सवयीनं उठला आणि नाथाजींनी हातानं त्याला खाली बसवलं.

दिवे लागले. पंख्यानं अर्धा फेरा घेतला आणि दिवे गेले. परत आले, मंद झाले, परत गेले. ज्योतिबानं नाथाजींच्या हातांकडं पाहिलं. मांडीवर बोटं हलत होती, उघडत होती, मिटत होती. मग दिवे आले आणि राहिले. पंखा वेग घेऊ लागला. यंत्र गप्प होतं. ते उलटं मोजत असणार, हे ज्योतिबाला ठाऊक होतं.

टक, असा आवाज झाला. मग दुसरा. मग नेहमीसारखी टकटक सुरू झाली.

रंगूबाई कपाटाकडं बघत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "त्याला कळलं असंल का, लाईट गेल्ती ते?"

"न्हाई," नाथाजी म्हणाले. "आपुन बसलो हुतो, तो येळ त्याच्याकडं झालाच न्हाई."

ज्योतिबा छपाईच्या यंत्रावर वाकला. कागद पुढं सरकत होता. नदीची उंची सांगणाऱ्या एका आकड्याच्या मधोमध टकटक थांबली होती, हे त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तो आकडा कुठला, हे त्यानं ओळींवरून बोट फिरवत शोधून पाहिलं. सगळे आकडे सारखेच दिसत होते. त्याला जोड सापडेना.