ऐच्छिक शिक्क्याची धास्ती

मित्रांनो, माझ्या अंगावर एकच शब्द कोरलेला आहे: ऐच्छिक. मी एक जुना रबरी शिक्का. मूठ लाकडी, पण काळीज सशाचं.

एका महाविद्यालयासाठी मला बनवलं. चित्रकला, संगीत, खगोलशास्त्र अशा आवडीने घ्यायच्या विषयांच्या अर्जांवर मी उमटायचो. फार तर एखाद्याची निवड चुकायची, मग तो पुढल्या वर्षी विषय बदलायचा. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे आमचे कारकूनकाका इस्पितळात नोकरीला लागले. "नवा कशाला? हाच चालेल की," म्हणत त्यांनी मला खिशात टाकलं. इथे मी शस्त्रक्रियेच्या कागदांवर बसतो. मी उमटलो, म्हणजे शस्त्रक्रिया सवडीने करायची, घाई नाही. तो कागद खालच्या ट्रेमध्ये जातो आणि तातडीचा रुग्ण आला की त्या कागदावरची तारीख पुढे ढकलली जाते. नियम वाईट नाही, पण मला तेव्हापासून सारखी धडधड होते.

शिवणकाम करणाऱ्या एका मावशींची हर्नियाची तारीख अशीच दोनदा पुढे गेली. तिसऱ्यांदा त्या लेकीचा हात धरून आल्या. चेहरा पांढराफटक पडलेला.

"दादा, दुखणं फार वाढलंय हो. डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीय."

"बसा मावशी, होईल," काका म्हणाले. मान वर न करता त्यांनी चिठ्ठी ओढली आणि सवयीने मला तिच्यावर हाणलं. खाली लिहिलेलं मला दिसत होतं: 'गाठ आत जात नाही. आजच शस्त्रक्रिया करा.' माझी शाई नेमकी 'आजच'वर बसली. ओरडावंसं वाटलं, पण माझ्या तोंडून एकच शब्द निघतो, आणि तो तर मी बोलून बसलो होतो.

चिठ्ठी खालच्या ट्रेमध्ये गेली. तासभर मी जीव मुठीत धरून पडून होतो. मग लेक खिडकीवर धडकली.

"आईला उलट्या होताहेत! काका, चिठ्ठी वाचलीत का तुम्ही?"

काकांनी चिठ्ठी उजेडाकडे धरली. शाईखालचं 'आजच' त्यांनी वाचलं. खुर्ची मागे लोटून ते चाकांची खुर्ची आणायला स्वतः धावले.

मावशी वाचल्या. टाके काढायला आल्या तेव्हा काका म्हणाले, "चुकलो मी, मावशी."

"तुम्ही माझ्याकडे बघितलंच नव्हतं, दादा," त्या एवढंच म्हणाल्या.

आता काका आधी चेहरा बघतात, मग चिठ्ठी वाचतात. तरी त्यांनी मूठ धरली की मी धास्तीने चिठ्ठीवरचं अक्षर न् अक्षर वाचून घेतो. मित्रांनो, शिक्का कुठलाही असो, मारण्याआधी समोरच्या माणसाकडे बघा. आणि काका कधी विसरले, तर खिडकीतून त्यांना हाक मारा. मला मारता येत नाही.