पठाण नव्हे

मीर आलम मुलाला घेऊन मोहिद्दीनच्या शारजातल्या फ्लॅटवर आले, तेव्हा हव्वाबीनं सांदणं नुकतीच वाफेवरून उतरवली होती. मुलाचं नाव समीउल्ला, दुबईत इंजिनीअर. मोहिद्दीन आणि हव्वाबीची थोरली लेक कशफ डेंटिस्ट. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, आज घरच्यांची बोलणी होती.

जावई अफगाणी, ही गोष्ट पचवायला रत्नागिरीच्या मोहिद्दीनला वर्ष लागलं होतं. पठाण घराणं आहे, दीनदार, धर्म पाळणारी माणसं आहेत, मुलगा शारजातच वाढलाय, असं स्वतःलाच समजावत तो कसाबसा तयार झाला होता. त्याचा धाकटा भाऊ यहया मात्र सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. हव्वाबीला त्याचीच धास्ती होती.

चहा झाला. यहयानं कप खाली ठेवला.

"मीरसाब, उम्म अल कुवैनला माझ्या गोडाऊनशेजारी एक जलालाबादचा व्यापारी आहे," तो हिंदीत म्हणाला. "त्याच्यासमोर तुमचं नाव काढलं, तर तो हसला. म्हणाला, ते कुठले पठाण? ते नूरिस्तानी. त्यांचे आजे-पणजे काफिर होते. लाकडाच्या मूर्ती पूजायचे. तलवारीच्या धाकानं कलमा पढले."

"यहया, खलास!" मोहिद्दीन ओरडला.

"खोटं असेल तर मीरसाब सांगतील ना, भाईजान."

हव्वाबीनं डोक्यावरचा पदर घट्ट धरला. दाराशी उभी असलेली कशफ दोन पावलं आत आली. मीर आलम आता उठून जातील असंच सगळ्यांना वाटलं. पण त्यांचा चेहरा शांत होता.

"यात खोटं काय आहे?" ते म्हणाले. "हम पठान नहीं हैं. आम्ही कधी म्हटलं तसं?"

मोहिद्दीनची नजर नकळत समीउल्लाकडे गेली. मीर आलमनी ती पाहिली. ते सावकाश मुलाकडे वळले आणि त्यांच्या भाषेत एकच वाक्य बोलले. कुणाला ते कळलं नाही, पण समीउल्लाची मान लाल झाली.

"माझ्या मुलानं सांगितलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मोहिद्दीननं होकारार्थी मान हलवली.

मीर आलम हातातला रिकामा कप खाली ठेवून सावरून बसले. मग बोलायला लागले.

"आमच्या मुलखाला लोक काफिरिस्तान म्हणायचे. आमचे देव वेगळे होते. घरातलं मोठं माणूस गेलं की त्याचा लाकडी पुतळा करून उभा करायचे. मग काबूलच्या अमीराचं लष्कर चालून आलं, भर थंडीत. पुतळे जाळले, काही काबूलला नेले. मुलखाचं नाव बदलून नूरिस्तान ठेवलं, उजेडाचा देश. माझे आजोबा तेव्हा लहान होते. त्यांनाही काबूलला नेलं. तिथं त्यांना नवं नाव मिळालं."

"आणि तुम्हाला राग नाही येत?" मोहिद्दीनच्या तोंडून निघून गेलं.

"कुणावर धरू? आजोबांवर जबरदस्ती झाली. माझे वडील त्याच दीनमध्ये जन्मले, गावच्या मशिदीचे इमाम होते. मीही मनापासून मुसलमान आहे. दोघांसाठी दुआ करतो. फक्त..." ते थांबले. "आजोबांनी जुनं नाव कधीच सांगितलं नाही. त्या लहान मुलासाठी दुआ करायची, तर कुठल्या नावानं करू?"

ते उठले. "मोहिद्दीनभाई, तुमच्या भावानं जे विचारलं त्याचं मला वाईट वाटलं नाही. पण माझ्याच मुलाला माझी लाज वाटते. अशा मुलाला तुमची लेक देऊ नका."

"अब्बा, बैठिए," समीउल्ला म्हणाला. "शाळेत सगळे मला पठाण म्हणायचे. सुरुवातीला मी सांगायचो, आम्ही नूरिस्तानी. मग एका मुलानं वर्गात पसरवलं की हे काफिर आहेत. जेवायला माझ्याजवळ कुणी बसेना. नवीन शाळेत गेलो आणि पठाण झालो. तेव्हापासून तसाच राहिलो."

"मलाही तेच सांगितलंस?" कशफनं विचारलं.

"मला याचीच भीती होती. अशा खोलीची. अशा प्रश्नांची."

"प्रश्न यहया चाचांनी विचारला. मी कधी विचारला होता? यू डिडंट ट्रस्ट मी."

यहया पुटपुटला, "झालं ना? बात खतम."

"तुमची झाली असेल, चाचा. माझी नाही." कशफ मीर आलमकडे वळली. "अंकल, मी आज हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. आधी ह्यानं सगळ्यांना खरं सांगू दे. ऑफिसमध्ये, मित्रांना. मग बघू."

मीर आलमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते निघाले. समीउल्ला त्यांच्या मागोमाग जिना उतरला. बाप एकदाही वळला नाही.

पुढचे कित्येक आठवडे घरात कुणी हा विषय काढला नाही. कशफ फोन उचलायची, पण थोडक्यात बोलायची. मग रमजानात समीउल्लाच्या ऑफिसची इफ्तार होती, तिथं त्यानं तिला नेलं. टेबलावर त्याचा मॅनेजर हसत म्हणाला, "हमारा पठान इंजीनियर!" समीउल्लाच्या हातातला खजूर तसाच राहिला.

"सर, मैं पठान नहीं हूँ," तो म्हणाला. "नूरिस्तानी हूँ. इतकी वर्षं मीच खोटं सांगत होतो."

"नूरिस्तान? वो कहाँ है?" कुणीतरी विचारलं. तो सांगायला लागला. आधी अडखळत, मग काफिरिस्तान हा शब्दही न गाळता. दोघं-तिघं ऐकत राहिले, एकजण उठून दुसऱ्या टेबलावर गेला. समीउल्लानं ते पाहिलं आणि बोलणं थांबवलं नाही.

परतीच्या ट्रॅफिकमध्ये कशफनंच मीर आलमना फोन लावला.

थंडीत निकाह झाला. बापलेकांचं बोलणं अजून तुटकच होतं, पण दोघं एकाच रांगेत बसले. यहया आला नाही. बायको सुमैय्या आणि मुलांना मात्र त्यानं पाठवलं. मोहिद्दीननं त्याला फोन केला नाही. हव्वाबीनं कुणाला न विचारता यहयाच्या वाटणीची बिर्याणी डब्यात भरली आणि निघताना सुमैय्याच्या हातात ठेवली.