अकरा वर्षं उभी

समज, तू एका जागी उभी आहेस. सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत. भिंतीला टेकायचंसुद्धा नाही. आधी काय दुखेल, सांग बरं? टाचा. मग पोटऱ्या. पुढे दुखणं कळेनासं होतं, नुसता जडपणा उरतो.

लातूरच्या एका साड्यांच्या दुकानात बबिता अशी अकरा वर्षं उभी होती. गिऱ्हाइकांनी विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या, हे तिचं काम. गिऱ्हाइकासमोर बाई बसलेली बरी दिसत नाही, हा मालकांचा नियम. उन्हाळ्यात तिच्या पोटरीवरची शीर फुगून फुटली. डॉक्टर म्हणाले, "तासातासाला बसा, नाहीतर ही जखम भरणार नाही."

बबितानं मालकांना काही सांगितलं नाही. दर दसऱ्याला मालक आपट्याचं पहिलं पान तिच्या हातात ठेवून म्हणायचे, "बबिताताई आमच्या घरच्याच." घरच्या माणसानं मागायचं नसतं, ते न मागता कळतं, असं तिला वाटे.

मग भुजंग नावाचा नवा पोरगा कामाला लागला. तिसऱ्याच दिवशी तो ओरडला, "मालक, कंबर गेली की माझी!" दुपारी त्याला स्टूल आलं.

"अक्का, तुमीबी मागा की," तो म्हणाला. "तोंड हाय तर स्टूल हाय."

संध्याकाळी बबितानं पहिल्यांदा मागितलं. पायाची पट्टीही दाखवली.

"अहो, भुजंग परका. उद्या सोडून जाईल," मालक हसले. "तुम्ही घरच्या. घरच्यांनीच सांभाळून घ्यायचं."

बबिताची मुलगी दामिनी नुकतीच शाळेतून दुकानात आली होती. दारातून तिनं सगळं ऐकलं.

"ये बेटा, दमलीस?" मालक म्हणाले. "भुजंग, स्टूल दे रे लेकराला."

दामिनीनं स्टूल ओढत नेऊन आईच्या मागं ठेवलं. "आई, बस."

मालकांचं हसू तसंच होतं, पण डोळ्यांतलं गेलं होतं. बबितानं ते पाहिलं.

"ठेव ते जागेवर," ती हळूच म्हणाली. "लोक बघायलेत."

दामिनीनं स्टूल परत ठेवलं. मग आईच्या हातातली साडी काढून घेतली, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर फरशीवर मांडी घालून बसली आणि घडी घालायला लागली.