कुलूपवाल्यांचं पत्र कुणाकुणाला गेलं

कुलपांच्या दुकानातून दर महिन्याला एक ई-मेल पत्र निघायचं. कुलपात तेल कधी घालावं, किल्ली वाकली तर काय करावं, आणि शेवटी दुकानाची थोडी जाहिरात. पत्र सुनेचं, दुकान सासऱ्यांचं, आणि फुकटचा सल्ला धाकट्या दिराचा.

यादीत नाव घालायची सुनेची पद्धत चिवट होती. गिऱ्हाइकाने काउंटरवरच्या टॅबवर आपला मेलचा पत्ता आपल्याच हाताने लिहायचा. मग त्याला मेल जायचा, 'पत्र खरंच हवंय ना?' त्याने 'हो' दाबलं तरच नाव यादीत.

"मी लग्नाला होकारसुद्धा एकदाच दिला होता," सासरे म्हणायचे.

"म्हणून तर आई अजून विचारतात, खरंच दिला होता का," सून म्हणायची.

यादी रांगत होती. समोरचा चष्मेवाला मात्र स्वतःच्या यादीचा आकडा मिशीसारखा पिळत फिरायचा, आणि दिराला ते सहन होत नव्हतं. एका दुपारी सून दाढ दाखवायला गेली तेवढ्यात त्याने दुकानाच्या नोंदींतले झाडून सगळे मेलचे पत्ते उचलले आणि एकच पत्र सगळ्यांना ठोकलं.

"वहिनी, तोंड गोड करा!" ती परतल्याबरोबर तो म्हणाला. "तुमची वर्षाची मेहनत मी चहा निवायच्या आत उरकली."

"आत्ताच दाढ भरून आलेय भाऊजी, गोड नको," म्हणत तिने त्याचा फोन घेतला.

सगळे पत्ते पत्राच्या माथ्यावर उघडे पडले होते. ज्याला पत्र गेलं त्याला बाकीचे सगळे दिसत होते. खाली दिराने हौसेने मथळा दिला होता: 'कुलूप बदलून निर्धास्त झालेली आमची माणसं'. त्याखाली नावं. लोकांचा विश्वास बसावा म्हणून नावापुढे गल्ली आणि मजलासुद्धा.

वाचता वाचता सून थांबली. तिने एका ओळीवर बोट ठेवलं.

"गिरणीमागची गल्ली, तिसरा मजला. हे तुम्ही लिहिलंत?"

"खोटं आहे का? बाबांनीच बसवलंय ते कुलूप."

खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. तिथे राहणारी बाई दवाखान्यात रात्रपाळी करणारी नर्स होती. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती निघून आली होती आणि त्याला थांगपत्ता न लागू देता तिने ती खोली घेतली होती. कुलूप बसवताना तिने एवढंच विनवलं होतं, "काका, मी इथे आहे हे कुणाला सांगू नका." काकांनी कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त कामाची नोंद केली होती. पण तिच्या जुन्या घराचं कुलूपही याच दुकानातलं, नवऱ्याच्या नावावर. म्हणजे नोंदींत तोही होता. म्हणजे पत्र त्यालाही गेलं होतं.

"परत बोलव ते पत्र," सासरे म्हणाले.

"आता नाही येत परत, बाबा," सून म्हणाली.

सुनेने बाईला फोन लावला. उचलला नाही. दिवसा झोपणारी बाई, फोन मुका करून ठेवला असणार. तिने पुन्हा लावला.

"वहिनी, एवढं काय घाबरता?" दिराचा आवाज बारीक झाला होता. "आपलं पत्र वाचतंय कोण!"

तेवढ्यात त्या बाईचा नवरा दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन, चेहऱ्यावर पाहुण्याचं हसू.

"पत्र छान होतं हो तुमचं," तो म्हणाला. "काका, एक दार उघडून द्यायचंय. बायको आत झोपलीय, किल्ली माझ्याकडे नाही. इथे गिरणीमागेच."

मग सुनेने पर्स उचलली. "बाबा, मी धाकटीला शाळेतून घेऊन येते हं."

त्या घरात शाळेत जाणारं कुणीच नव्हतं. दिराने तोंड उघडलं. सासऱ्यांनी काउंटरखाली त्याच्या पायावर पाय दिला.

"ये जाऊन," ते म्हणाले. "वाटेत गप्पा मारत बसू नकोस."

मग त्यांनी नवऱ्यापुढे खुर्ची सरकवली. "बसा. कुलूप कुठल्या बनावटीचं?"

"तुम्हीच बसवलंय ना!"

"वय झालं हो, सगळी कुठली लक्षात राहतात." म्हाताऱ्याला गावातलं एकेक कुलूप तोंडपाठ होतं. त्यांनी एक खण उघडला, मग दुसरा. प्रत्येक पाना उजेडात धरून पाहिला. "आणि आमची एक रीत आहे. दार उघडायचं तर शेजारी साक्षीला लागतो."

"माझी बायको आहे ती."

"असेल ना. शेजाऱ्याला तेवढंच म्हणू दे."

नवऱ्याचं हसू मावळलं. "राहू द्या. दार मलाही उघडता येतं." तो उठला आणि वळला, तर शटर गुडघ्यापर्यंत खाली आलेलं.

"अडकलंय," दीर म्हणाला. त्याला घाम फुटला होता. "सारखं अडकतं बघा."

"कुलपांच्या दुकानाचं?"

"दुसऱ्यांची कामं करता करता आपलं राहूनच जातं हो."

दिराच्या डोक्यातून निघालेली ही पहिली कामाची कल्पना. नवऱ्याने शटरवर लाथ घातली.

तिकडे तिसऱ्या मजल्यावर सून दार बडवत होती.

"कोण?" आतून आवाज आला.

"कुलूपवाल्यांची सून. तो आमच्या दुकानात आहे. त्याला ही खोली कळलीय. आमच्यामुळे."

दार उघडलं. बाईने एकही प्रश्न विचारला नाही. कागदपत्रांची पिशवी, गणवेश, चार्जर. पलंगावरची चादर तशीच राहिली. जिना उतरताना ती म्हणाली, "टॅब पुढे केलात तेव्हा मी नको म्हटलं होतं."

"हो. म्हटलं होतंत."

खाली टॅक्सी थांबवून सून म्हणाली, "मी येऊ पोलिसांकडे?"

"मी जाते. तिथून पुढे कुठे, ते विचारू नका."

"नाही विचारत."

"आणि माझं नाव काढा. माझ्यासमोर."

सुनेने फोनवर नोंद उघडली. फोनने विचारलं, 'खरंच काढायचं?' तिने फोन बाईपुढे धरला आणि बाईने स्वतःच्या बोटाने दाबलं.

टॅक्सी सुटली. ती कोणत्या वळणाला वळते ते दिसू नये म्हणून सून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.