माईकवर निघालेला शब्द

दीप्तीचं नाव कापलं गेलं तेव्हा ती रडली नाही, फक्त जेवली नाही. माझी नात, वय वर्षं दहा. आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गणपतीत अथर्वशीर्ष म्हणायचं म्हणून मे महिन्यापासून पाठ करत होती. तालमीत माईकचा स्टँड पायावर पडला आणि तिच्या तोंडून ‘शिट’ निघालं. माईक चालू होता.

सेक्रेटरी नंदकिशोरने तिथल्या तिथे नाव खोडलं. देवासमोर असली भाषा चालणार नाही म्हणाला.

मी कमिटीच्या मीटिंगला गेले. चहा पीत त्या शब्दावर खल चालला होता. कमिटीतली वनमाला म्हणाली, हल्ली ऑफिसात साहेबसुद्धा म्हणतात, ‘अरेरे’सारखंच ते. नंदकिशोर म्हणाला, पण शिटचा अर्थ घाण आहे.

“गू,” मी म्हटलं. “त्यात काय एवढं?”

दोघांनी बिस्किटं खाली ठेवली. अर्धा तास तोच शब्द इंग्रजीत चघळत होते, तेव्हा कुणाचं काही अडलं नव्हतं.

“काकी, जरा...” नंदकिशोर पुटपुटला.

हा चड्डीत होता तेव्हापासून मी याला ओळखते. विक्रोळीच्या चाळीत आम्ही शेजारी, दोन्ही घरं कोकणातली. शिमग्याला होळीभोवती तोंडावर हात मारून बोंबलायचं, शिव्या द्यायच्या, ही रीतच. त्या दिवशी आईबाप कान पिळत नसत. दहा वर्षांचा नंदू सगळ्यांत पुढे. त्याच्या शिव्या ऐकायला पलीकडच्या चाळीतली माणसं यायची. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थना सांगायला उभा राहायचा तोही हाच.

“मेल्या नंदू,” मी म्हटलं, “कारखान्याच्या मुकादमाबद्दल होळीला काय ओरडला होतास, ते सांगू इथे?”

नंदकिशोरचे कान लाल झाले. मग त्याला हसू आवरेना. दीप्तीचं नाव त्याने परत लिहिलं. पुन्हा तसं काही निघालं तर जबाबदारी माझी, या अटीवर.

गणपतीच्या दिवशी दीप्ती परकर-पोलक्यात उभी राहिली. निम्मं झालं, तोच माईक कर्कश किंचाळला. नंदकिशोरने डोळे मिटले.

दीप्तीने माईककडे रागाने पाहिलं. “मेल्या, गप बस,” म्हणाली, आणि पुढची ओळ सुरू केली.

पहिला हसला तो नंदकिशोर. बाकी सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.