मामाच्या कॉम्प्युटरात मावेल एवढं

प्रोग्राम किती बसला ते दाखवणारी पडद्यावरची निळी पट्टी अर्ध्यावर येऊन थबकली... आणि ती खुर्चीच्या टोकाशी सरकली. सरक बाई, सरक पुढे — पट्टीला असं मनातल्या मनात चुचकारायचं म्हणजे वेडच, पण शेजारी मामा बसला होता, ऑपरेशननंतर आवाज गेलेला मामा, आणि तो टाइप करील ते बोलून दाखवणारा हा प्रोग्राम तिने, त्याच्या भाचीने, स्वतः लिहिला होता.

पहिल्या खेपेला प्रोग्रामचा केवढा लवाजमा! सात परदेशी आवाज, रंगीत चित्रं, कॉम्प्युटर सुरू होताच न बोलावता हजर होणारा मदतनीस — आणि जागा करायला गेलेल्या मामीचे फोटो काढून टाका म्हणे! मामाने पाटीवर लिहिलं होतं, 'पाहुणा आहे की घरजावई?'

फोटो हलणार नव्हते. मग प्रोग्रामनेच अंग चोरायला हवं. ती कापत बसली, आणि कापता कापता मजा यायला लागली, अगदी गाणं गुणगुणत... पण दुसऱ्या खेपेला इथे आणला तर हूं की चूं नाही. तिच्याकडे तर झक्कास चालत होता! चालणारच — जुन्या प्रोग्रामच्या फायली तिच्या कॉम्प्युटरात तशाच पडून होत्या आणि नवा त्यांच्या जिवावर उड्या मारत होता. अगं शहाणे, स्वतःचंच घर झाडायचं राहिलं की! या वेळी मात्र तिने तो कोऱ्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिला होता. एकच फोल्डर, नकोसा झाला तर तेवढा उडवायचा.

पट्टी पुरी झाली. फोटो जागच्या जागी. मामा एका बोटाने टाइप करू लागला, आणि ती — ती कसली, मीच, आता कशाला आडपडदा — श्वास धरून बसले. पहिलं वाक्य काय असेल? शाबासकी? मामीबद्दल काही...

"जिन्याचं दार कुणी उघडं टाकलं? मांजर शिरेल," कॉम्प्युटर सपाट आवाजात म्हणाला.

मी खो खो हसत सुटले. मामा डोळे वटारून बघत होता — दारावरून, दिव्यावरून, चपलांवरून लहानपणापासून मला ओरडणारा माझा मामा! किती दिवसांत मला कुणी असं रागावलं नव्हतं. डोळे भरून आले, आनंदानेच.

"लावते रे, लावते!" म्हणत मी जिन्याशी गेले, कडीवर हात ठेवला... आतून कीबोर्डची टकटक सुरू झाली होती, एका बोटाची, चिडलेली. मी दार लावलं नाही. ओरडू दे अजून थोडं.